कानाला सवय होते काय?

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोरेगाव भीमा मागे पडले की सणसवाडी लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आज पत्र्याच्या शेडी उभ्या आहेत. त्यांत पत्रा कातरला जातो, दाबला जातो, ठोकला जातो, आणि त्यातून मोटारींना लागणारे सुटे भाग बाहेर पडतात. या शेडींत पहिल्या पाळीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला एक वाक्य ऐकवले जाते. सुपरवायझर ऐकवतो, शेजारच्या प्रेसवरचा जुना गडीही ऐकवतो: "दोन दिवस कानांना त्रास होईल, मग सवय होते." कामगारांच्या संघटनेत आम्ही तीस वर्षे घातली, पण इतके सर्वमान्य वाक्य आम्हाला दुसरे आढळले नाही. मालक आणि मजूर यांचे एरवी चहाच्या कपावरसुद्धा एकमत होत नाही. या वाक्यावर मात्र झालेले आहे. तेव्हा आजचा आमचा विषय हा की, कानाला आवाजाची सवय होते हे विधान खरे काय, आणि असली सरसकट विधाने खरी की खोटी हे माणसाने कसकसे पारखले.

आवाज आणि सरसकट विधान या दोन गोष्टींचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्याकडे तो फार जुना आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' नावाचा एक लहानसा ग्रंथ आहे. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी त्यावर विस्तृत टीपा लिहिल्या आणि १८९७ साली तो मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाला. आमचे शिक्षण शाळेत फार झाले नाही आणि संस्कृत तर मुळीच झाले नाही. एका शिक्षकमित्राने चार रविवार खर्चून त्यातला काही भाग आम्हाला समजावून दिला. न्यायशास्त्रात पक्क्या सामान्य विधानाला व्याप्ती म्हणतात. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्तीच. आणि या शास्त्राचे दुसरे नेहमीचे उदाहरण शब्दाचे, म्हणजे आवाजाचे आहे. आवाज नाशवंत आहे, कारण तो उत्पन्न होतो. जे जे उत्पन्न होते ते ते नाश पावते, जसे मडके. यावर मीमांसक म्हणत की शब्द नित्यच आहे, आपण तो फक्त प्रकट करतो. शतकानुशतके हा वाद चालला.

या नैयायिकांनी आवाज कसा चालतो तेही सांगितले होते. तळ्यात खडा टाकल्यावर एका लाटेतून दुसरी, दुसरीतून तिसरी उठत काठापर्यंत येते, तसा आवाजातून आवाज उठत कानापर्यंत येतो, असे एक मत. कदंबाच्या कळीला जसे सर्व अंगांनी एकदम केसर फुटतात तसा तो दाही दिशांना फुटतो, असे दुसरे. दोन्ही उपमा आजही टिकतात. टिकला नाही तो एकच भाग: आवाज हा आकाशाचा गुण आहे, वायूचा नव्हे, असे ते मानीत. इंग्लंडात १६६० च्या सुमारास रॉबर्ट बॉइलने काचेच्या भांड्यात एक घड्याळ टांगले आणि पंपाने आतली हवा काढली. हवा कमी होत गेली तसतशी टिकटिक बारीक होत गेली. लाटेची उपमा राहिली, फक्त ती लाट कशात उठते ते कळले. घड्याळाची ही टिकटिक श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

तर प्रेसचा ठोका पडतो, हवा दबते आणि सैल होते, आणि ही दाबसैल सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने धावत येऊन कानाच्या पडद्यावर आदळते. पडद्यामागे तीन चिमुकली हाडे आहेत. ती हा धक्का आतल्या शंखाकृती नळीत पोहोचवतात. या नळीत पाणी आहे आणि त्या पाण्यात केस असलेल्या पेशींच्या ओळी आहेत. एका कानात मिळून पंधरा हजारांच्या आसपास. पाण्यात हेलकावा आला की हे केस वाकतात, आणि वाकले म्हणजे मेंदूला वर्दी जाते. शेतकऱ्याला हे समजावून सांगताना आम्ही बाजरीच्या वावराचे उदाहरण देतो. साधा वारा आला की पीक डोलते आणि पुन्हा उभे राहते. वादळ आले की आडवे पडते. पडलेल्यांतली काही ताटे दुसऱ्या दिवशी मान वर काढतात, काही कायमची जातात. फरक इतकाच की वावरात पुढच्या मृगाला पुन्हा पेरता येते. माणसाच्या कानातली ही पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही.

पाळी संपवून बाहेर आल्यावर कानात शीळ वाजते, सगळे कापसातून ऐकल्यासारखे वाटते, आणि सकाळपर्यंत ते निवळते. काही दिवसांनी ती शीळही पहिल्यासारखी जाणवत नाही. शेडीतले लोक यालाच सवय म्हणतात. खरे पाहता आडवी पडलेली काही ताटे सकाळी उठली आणि काही उठली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असतो. जी उठत नाहीत त्यांत पहिला नंबर सेकंदाला चार हजारांच्या आसपास कंपने असलेला बारीक सूर टिपणाऱ्या पेशींचा. बोलण्यातले स, श, फ, त, क असले वर्ण वरच्याच सुरांवर उभे असतात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या. म्हणून या माणसाला कोणी बोलते आहे हे ऐकू येते, काय बोलते आहे ते कळत नाही. 'सात' म्हटले की तो 'हात' ऐकतो. बायको म्हणते, मुद्दाम लक्ष देत नाहीत. मुले म्हणतात, बाबा उगाच ओरडतात. आणि तो स्वतः म्हणतो, मला चांगले ऐकू येते, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता. आवाजाने आलेले बहिरेपण असे चोरपावलांनी येते, त्यामुळे ज्याला आले त्यालाच सर्वांत शेवटी कळते.

आवाजाने माणसे बहिरी होतात ही गोष्ट यंत्रयुगाच्या कितीतरी आधीची आहे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेले तांबट तेथे वसले. हंडे, घागरी, बंब यांवर हातोडीने ठोके देऊन ते मठारायचे, म्हणजे तांबे टणक होते आणि अंगावर चकाकणारे खळगे उठतात. आज त्यांची घरे थोडी उरली आहेत आणि यंत्रे आली आहेत, तरी ठोका सर्वस्वी थांबलेला नाही. या ठोक्यांनी कारागिरांच्या कानांचे काय झाले, हे आपल्याकडच्या कोणा पंडिताने लिहून ठेवलेले आमच्या वाचनात आले नाही. उत्तरेकडून आलेले आमचे कामगारबंधू मात्र निबर झालेल्या माणसाला 'ठठेरे की बिल्ली' म्हणतात. तांबटाच्या घरची मांजर खटखटीला भीत नाही. ही म्हण म्हणजे आपले 'सवय होते' हेच वाक्य, शेपटी लावलेले. मांजर भीत नाही हे सर्वांनी पाहिले, तिला ऐकू येते काय हे कोणी पाहिले नाही.

ते पाहिले बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने. कामकऱ्यांच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ १७०० साली निघाला आणि १७१३ साली वाढवून पुन्हा निघाला. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतात त्यांत आणखी एक घालावा, तू काम कोणते करतोस, हा त्याचा आग्रह होता. केवळ या एका प्रश्नासाठी आम्हाला तो आप्तासारखा वाटतो. दुसऱ्या आवृत्तीत त्याने व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहिले. तेही आपल्या तांबटांसारखेच एका वस्तीत एकत्र राहत आणि दिवसभर तांबे ठोकत. त्यांचे कान हळूहळू मंद होतात आणि म्हातारपणी ते पुरते बहिरे होतात, असे त्याने नोंदवले.

हे झाले उत्तम निरीक्षण. पण त्याच जागी रामाझ्झिनी आणखी एक गोष्ट जोडून देतो: इजिप्तात नाईल नदीच्या धबधब्याजवळ राहणारे लोकही असेच सगळे बहिरे असतात! ही कथा रोमन ग्रंथकारांपासून चालत आलेली. व्हेनिसचे तांबट त्याने स्वतः पाहिले होते, नाईलकाठचे लोक पुस्तकातून घेतले. कागदावर दोन्ही वाक्ये एकाच शाईने शेजारी शेजारी बसली. वाचणाऱ्याने कोणते किती मानावे याची काही खूण त्यांवर नाही. विद्वानाच्या हातूनही पाहिलेले आणि ऐकीव असे एका दावणीला बांधले जाते, मग प्रेसशॉपमधल्या सुपरवायझरला काय बोल लावायचा!

पुढची पायरी स्कॉटलंडात ग्लासगो शहरात चढली गेली. तेथे जहाजांचे आणि आगगाड्यांचे बॉयलर बांधले जात. लोखंडी पत्रे रिव्हेट मारून जोडायचे. एक गडी बाहेरून घण घालायचा आणि दुसरा बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेटला आतून टेकण द्यायचा. पोटातल्या गड्याचे काय होत असेल याची कल्पना रिकाम्या पिंपात डोके घालून वर काठी मारून घेतली तर येईल. थॉमस बार या कानांच्या डॉक्टरने १८८६ साली या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्याच्यापाशी आजची यंत्रे नव्हती. त्याने खिशातले घड्याळ घेतले आणि टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते प्रत्येकाच्या कानाशी मोजले.

पण बारची खरी हुशारी घड्याळात नव्हती. त्याने शंभर बॉयलरवाले तपासले आणि तेथे न थांबता शंभर ओतारी तपासले आणि शंभर टपालवालेही तपासले. बॉयलरवाला बहिरा निघाला तर कोणीही म्हणेल की वयाने झाला, दारिद्र्याने झाला, अतिश्रमाने झाला, दारूने झाला. ओतारीही श्रमाचे, उष्णतेचे, त्याच शहरातले काम करतो, फक्त त्याच्याकडे आवाज कमी. टपालवाला उघड्या हवेत पायी हिंडतो. तिघांना शेजारी उभे केले की निरनिराळ्या सबबी एकेक करून गळून पडतात आणि आवाज तेवढा उरतो. बारने त्यांना एक साधा प्रश्नही विचारला होता: सार्वजनिक सभेत तुम्हाला ऐकू येते काय? शंभर बॉयलरवाल्यांपैकी ७५ जणांना सभेत ऐकायला अडचण पडे किंवा मुळीच ऐकू येत नसे. ओताऱ्यांत असे १२ निघाले, टपालवाल्यांत ८.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यानंतर अकरा वर्षांनी हा प्रश्न ग्लासगोत विचारला गेला. ज्याला व्याख्यान ऐकू येत नाही तो व्याख्यानाला येत नाही, आणि तो आला नाही याची कारणे लोक भलतीच सांगतात: मजुराला विचाराची आवड नाही, त्याला तमाशा पुरे. आम्ही अनेक द्वारसभांत पाहिले आहे, जुने प्रेसवाले कोपऱ्यात विडी ओढत उभे राहतात आणि सभा संपली की शेजाऱ्याला विचारतात, काय ठरले?

आता त्या टपालवाल्यांकडे पुन्हा पाहू. त्यांतही ८ जणांना ऐकू येत नव्हते. तेव्हा 'मोठ्या आवाजात काम न करणाऱ्याचे कान शाबूत असतात' हे विधान टिकत नाही. बॉयलरवाल्यांतल्या २५ जणांनी अडचण सांगितली नाही. तेव्हा 'बॉयलरवाला बहिरा होतोच' हेही विधान टिकत नाही. टिकते ते एवढेच की शंभरांतल्या ८ किंवा १२ च्या जागी ७५ झाले. धूर आणि अग्नीची व्याप्ती एका अपवादाने मोडते. ही दुसऱ्या जातीची आहे, ती एका अपवादाने मोडत नाही. जुन्या तर्कशास्त्राला ही जात फारशी ठाऊक नव्हती. तिची ओळख माणसाला रोग, मरण आणि विमा यांचे आकडे मांडता मांडता झाली.

आमच्या लढाया हरल्या जातात त्या पुष्कळदा याच ठिकाणी. एका कारखान्यात आमच्या एका सभासदाने कानाची तक्रार केली. पंधरा वर्षे तो एकाच प्रेसवर होता. व्यवस्थापनाने चौकशीत त्याच प्रेसवरचा दुसऱ्या पाळीचा माणूस आणून उभा केला. त्याचे कान ठणठणीत. यंत्र तेच, वर्षे जवळपास तितकीच, मग दोष यंत्राचा कसा? आमच्या बाजूने बोलणारा उत्साही कार्यकर्ता म्हणून बसला होता की प्रेसवरचा प्रत्येक माणूस बहिरा होतो. त्याचे 'प्रत्येक' त्या एका धडधाकट माणसाने खाली आणले आणि त्याबरोबर बिचाऱ्या तक्रारदाराचा दावाही आडवा झाला. चळवळीत मोठा शब्द वापरण्याची हौस फार असते. आमच्या मते तेथे 'प्रत्येक' पेक्षा आकडाच अधिक जड पडला असता.

हे ऐकून एखादा म्हणेल, बरे, पण सवय झाली असे इतके लोक स्वतः सांगतात, ते काय खोटे बोलतात? खोटे बोलत नाहीत. येथे आठल्यांच्या टीपांतला आणखी एक शब्द आमच्या उपयोगी पडला, उपाधी. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे. उलट, जेथे अग्नी तेथे धूर, हे खरे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. आमच्या फोर्जिंगवाल्यांना हे सांगायला पंडित नको. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. हा ओलेपणा म्हणजे उपाधी, मध्येच लपून बसलेली अट. आता 'जो जुना झाला त्याची तक्रार गेली, म्हणून सवय होते' या विधानातली लपलेली अट शोधा. ज्यांना तो आवाज सोसला नाही ते पहिल्या महिन्यातच गाव गाठतात. विचारायला शेडीत ते असतच नाहीत. जे राहिले त्यांचे कान मंदावले, म्हणून आवाज सोसू लागला. तक्रार गेली ती कान गेल्यामुळे. सवयीचा जो पुरावा म्हणून पुढे केला जातो, तोच इजेचा पुरावा आहे.

मुंबईच्या गिरणगावात साचेखात्यातले जुने कामगार हाताच्या खुणांनी बोलत, असे तेथून आलेल्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांकडून आम्ही ऐकले. साच्यांच्या खडखडाटात दुसरा इलाजच नव्हता. त्यांचे कान कोणी मोजल्याचे आम्हाला माहीत नाही, पण त्यांच्या समुद्रापलीकडच्या बहिणींचे मोजले गेले. स्कॉटलंडातल्या डंडी गावी आपल्या बंगालच्या तागावर गिरण्या चालत आणि मागांवर बायका असत. टेलर आणि त्यांचे सहकारी यांनी १९६५ साली या विणकर बायकांच्या कानांची पाहणी प्रसिद्ध केली. या पाहणीचे मोल असे की मागांचा आवाज वर्षानुवर्षे फारसा बदलला नव्हता आणि बायका जन्मभर त्याच कामावर राहिल्या होत्या. त्यामुळे किती वर्षांनी किती श्रवण गेले हे पायरीपायरीने वाचता आले. वरचे सूर पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच बरेचसे जातात, आणि बोलणे समजण्याला लागणारे खालचे सूर त्यानंतर सावकाश खचू लागतात, असे दिसून आले. म्हणजे ज्या काळात बाई म्हणते मला काही होत नाही, त्याच काळात मोठे नुकसान होऊन गेलेले असते.

मग कायद्याने रेघ ओढली. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि या मापाची चाल साधी नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दुप्पट होते. दहा वाढले की दसपट. अमेरिकेने १९७१ साली आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरली. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांतही पुढे तीच आली, आणि आवाज पाच डेसिबलने वाढला की वेळ निम्मा करावा असे कोष्टक आले. त्याप्रमाणे १०० डेसिबलमध्ये माणूस दोन तास उभा करता येतो. आता ऊर्जेच्या हिशेबाने पाहा. १०० म्हणजे ९० च्या दसपट. आठ तासांचा दहावा हिस्सा म्हणजे ४८ मिनिटे. इंग्लंडात बर्न्स आणि रॉबिन्सन यांनी १९७० साली शेकडो कामगारांच्या तपासणीवरून दाखवले की इजा बहुतांशी एकूण ऊर्जेच्या मापाने होते. दोन तास आणि ४८ मिनिटे यांत जे अंतर आहे, ते कामगाराच्या कानातून वसूल होते.

आणि ९० च्या आत सर्व कुशल, असे तरी आहे काय? अमेरिकेतल्याच राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ साली हिशेब मांडला. चाळीस वर्षे रोज ९० डेसिबलमध्ये काम केले तर वयोमानाने जे बहिरे व्हायचे त्यांच्याखेरीज शंभरांतले आणखी २५ जण बहिरे होतात. ८५ मध्ये ८, आणि ८० मध्ये १. युरोपात २००३ च्या निर्देशाने ८५ पासूनच मालकावर आवाज कमी करण्याची जबाबदारी टाकली. तेव्हा ९० ची रेघ ही सुरक्षित आणि असुरक्षित यांच्यामधली सीमा नव्हे. शंभरांतले २५ कान खर्ची टाकायला कोणीतरी संमती दिली, त्या संमतीची ती रेघ आहे. ती कोणी दिली? ज्यांचे कान होते त्यांना तर कोणी विचारले नव्हते.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजाने येणारे बहिरेपण हा सरकारला कळवण्याजोगा रोग म्हणून नोंदलेला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांतल्या एकीत गेला. कायदा जुना असो की नवा, आमच्या पट्ट्यातली अडचण निराळीच आहे. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव येथल्या शेडींत कायम कामगार थोडे आणि ठेकेदाराची पोरे फार. बीड, लातूर, नांदेडची, बिहार-उत्तर प्रदेशची. आठ महिने एका दारावर, सहा महिने दुसऱ्या, मध्ये कांदा काढायला गावी. कानाची तपासणी होते ती बहुधा कायम माणसांची. पोराबरोबर त्याचा कान या दारावरून त्या दारावर जातो, कागद मात्र त्याच्याबरोबर जात नाही. दहा कारखान्यांनी दहा निरनिराळ्या पत्रांत लिहावे की आमच्या येथे कोणालाही बहिरेपण आलेले नाही, तर ती दहाही पत्रे खरी असू शकतील. आणि त्या दहांची बेरीज करून कोणी म्हणेल की या पट्ट्यात बहिरेपण नाही, तर ते साफ खोटे ठरेल. आठ महिन्यांत कान जात नाही. आठ-आठ महिन्यांच्या पंधरा तुकड्यांत जातो, आणि पंधरा तुकडे मांडायला कोणाच्या हातात काहीच नसते.

म्हणून आमची मागणी तीन ओळींची आहे, आणि वाटाघाटीत आम्ही ती बोनसच्या आधी ठेवतो. कामावर घेण्याच्या दिवशी, यंत्राला हात लावण्यापूर्वी, ठेक्याचा असो की कायम, माणसाचे दोन्ही कान यंत्रावर तपासावे. पुढे दरसाल, आठवड्याच्या सुटीनंतर, तेही पाळीच्या आधी, पुन्हा तपासावे. कारण पाळी संपल्यावर तपासले तर आडवे पडलेले पीक मोजले जाते आणि मग त्याच सबबीवर कागद रद्द होतो. आणि त्या तपासणीची प्रत माणसाच्या हातात द्यावी. काही ठिकाणी ही मागणी हसण्यावारी नेली गेली. दोन शेडींत ती मान्य झाली आहे. तेथली पोरे आता दुसऱ्या दारावर जाताना तो आलेखाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाच्या शेजारी घालून नेतात. त्यातल्या एकाचा कागद तिसऱ्या कारखान्यात पोहोचला तेव्हा तेथल्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीचा आलेख आणि त्या दिवशीचा आलेख शेजारी शेजारी धरले, आणि चार हजारांच्या आकड्यावर दोन्ही रेघांमध्ये पडलेले अंतर पेन्सिलीने मोजले.